‘दलित’ शब्दाची चार पिढ्यांतील स्थित्यंतरे

मी तालुक्याच्या गावी एका महाविद्यालयात इतिहास शिकवतो. आमच्याकडे गेली काही वर्षे विद्यार्थ्यांचे ‘दलित साहित्य वाचक मंडळ’ चालते. दर शनिवारी दुपारी पंधरा-वीस मुलेमुली जमतात, एखादे पुस्तक वाचतात, त्यावर भांडतात. गेल्या वर्षी चौदा एप्रिलच्या आधी मंडळाचा जुना फलक पुन्हा रंगवायला काढला. तेव्हा द्वितीय वर्षातील एक विद्यार्थिनी माझ्याकडे आली आणि म्हणाली, “सर, फलकावर ‘दलित’ हा शब्द नको.”

मी कारण विचारले. ती शांतपणे म्हणाली, “हा शब्द टीव्हीवर कधी येतो ते बघा. कुणाला मारलं, कुणाला जाळलं, कुणाची वरात अडवली, की येतो. पोरगी कलेक्टर झाली तर ती अमक्या जिल्ह्याची कन्या. विहिरीत मढं सापडलं तर दलित. मला मढ्याचं नाव नको, सर.”

मला राग आला, हे प्रामाणिकपणे कबूल केले पाहिजे. ज्या शब्दाने माझ्या बापाला ताठ उभे केले, त्या शब्दाला ही काल-परवाची पोर मढ्याचे नाव म्हणते! मी तिला चार गोष्टी सुनावल्या. ती ऐकून घेऊन गेली. पण त्या रात्री लक्षात आले, की हे भांडण मी पहिल्यांदा ऐकत नव्हतो. हेच भांडण माझ्या घरात माझा आजा आणि माझे वडील यांच्यात माझ्या लहानपणी कितीतरी वेळा झाले होते. फक्त तेव्हा शब्द नाकारणारा म्हातारा होता आणि शब्द धरून बसणारा तरुण. आज शब्द धरून बसणारा मी झालो होतो. इतिहासाच्या शिक्षकाला एवढे पुरे होते. रागावण्यापेक्षा या शब्दाचा इतिहास तपासावा असे ठरवले. त्याचेच हे टिपण आहे.

*

प्रथम शब्दाकडे पाहू. ‘दल्’ हा संस्कृत धातू. फुटणे, तडकणे, चुरा होणे हा त्याचा अर्थ. आपले मराठी ‘दळणे’ हे क्रियापद त्याच कुळातले. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला. त्यात ‘दलित’ या शब्दाचा अर्थ दळलेले, फोडलेले, तुकडे झालेले असाच आहे. तेथे माणसाचा संबंध नाही. डाळ दलित होते, धान्य दलित होते. माणसे दळली जात होतीच, पण त्यांच्यासाठी हा शब्द वापरावा असे कुणाला वाटले नव्हते.

शाळेत संस्कृत शिकलेल्यांना ‘क.भू.धा.वि.’ आठवत असेल, म्हणजे कर्मणी भूतकालवाचक धातुसाधित विशेषण. ‘दलित’ हा त्या जातीचा शब्द आहे. (व्याकरणातही जात सुटत नाही!) अशा शब्दात एक क्रिया झालेली असते आणि ती कुणीतरी केलेली असते. कर्ता शब्दात दिसत नाही, पण तो असतोच. ‘दलित’ म्हटले की ‘कुणी दळले?’ हा प्रश्न आपोआप उभा राहतो. येथे ही गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे, कारण पुढचा सगळा विचार तिच्यावर उभा आहे.

*

माझ्या पणज्याने ‘दलित’ हा शब्द ऐकला असेल असे वाटत नाही. तो सिन्नर तालुक्यातल्या एका गावचा येसकर. वेशीची राखण, सरकारी टपाल पुढच्या गावी पोचवणे, साहेब आला की त्याच्या घोड्यापुढे धावणे, सारा भरायला लोकांना बोलावून आणणे, मेलेले ढोर ओढणे, ही त्याची कामे. बदल्यात वतनाची जमीन, बलुते आणि दारोदार मागून आणलेली भाकर. त्याला वाटेत कुणी भेटले की तो कमरेत वाकून ‘जोहार मायबाप’ म्हणे.

त्याच्यासाठी शब्द एकच होता, ‘महार’. तो जातीचे नाव होता, कामाचे नाव होता आणि हुकूमही होता. ‘महाराला बोलवा’ याचा अर्थ अमुक माणसाला बोलवा असा नसे. पाळीवर जो असेल तो यावा, एवढाच त्याचा अर्थ. माणसाचे नाव कुणाला लागतच नव्हते. त्याच्या नावामागे ‘नाक’ हा प्रत्यय लागे. तो एकेकाळी लष्करात मानाने लागलेला होता. कोरेगावच्या स्तंभावर आजही ‘नाक’ प्रत्ययाची नावे कोरलेली आहेत. पण पणज्याच्या काळी गावात तो प्रत्यय हेटाळणीपुरताच उरला होता. एकाच शब्दाचा मान कसा झडून जातो, याचे हे आमच्या घरातले पहिले उदाहरण.

मात्र पणज्याच्या हयातीतच गावाबाहेर नावांची मोठी झुंज सुरू झाली होती. जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहिले. त्यांनी ‘शूद्रादि-अतिशूद्र’ हा जोडशब्द रूढ केला. शत्रूने दिलेली नावे त्यांनी जोडून घेतली आणि त्या जोडीतून एक आघाडी उभी केली. लष्करातून निवृत्त झालेल्या गोपाळबाबा वलंगकरांनी ‘अनार्य’ हे नाव घेतले. शिवराम जानबा कांबळे यांनी १९०८ साली ‘सोमवंशीय मित्र’ काढले. ‘आम्ही चंद्रवंशाचे, मूळचे क्षत्रिय’ असा दावा त्या नावात होता. विठ्ठल रामजी शिंदे यांनी १९०६ साली मुंबईत डिप्रेस्ड क्लासेस मिशन स्थापन केले. मराठीत ती ‘निराश्रित साह्यकारी मंडळी’ झाली. स्वामी श्रद्धानंदांनी १९२१ साली दिल्लीत ‘दलितोद्धार सभा’ काढली.

या नावांकडे नीट पाहावे. ‘सोमवंशीय’ नावात स्वाभिमान आहे, पण तो भूतकाळातल्या वंशावर उभा आहे. ‘निराश्रित’ म्हणजे ज्याला आश्रय नाही तो. मग आश्रय देणारा दुसरा कुणीतरी हवाच. ‘दलितोद्धार’ या शब्दात दलित आहे, पण उद्धार करणारा वेगळा आहे आणि तो वरचा आहे. माणसासाठी ‘दलित’ हा शब्द सार्वजनिक जीवनात आला तो असा, दुसऱ्याच्या तोंडून, उद्धाराच्या कुबडीसह. अण्णासाहेब शिंद्यांच्या कामाची थोरवी मान्य करूनही हे म्हटले पाहिजे.

*

बाबासाहेबांनी मात्र नावाच्या प्रश्नाकडे वेगळ्या दृष्टीने पाहिले. त्यांच्या पत्रांची नावे क्रमाने ठेवून पाहा. ‘मूकनायक’ १९२०, ‘बहिष्कृत भारत’ १९२७, ‘जनता’ १९३०, ‘प्रबुद्ध भारत’ १९५६. छत्तीस वर्षांचा आंदोलनाचा इतिहास या चार नावांत आहे. आधी ज्याला वाचा नाही तो, मग ज्याला बाहेर काढले तो, मग जनता आणि शेवटी जागा झालेला.

यातील ‘बहिष्कृत’ हा शब्द व्याकरणाने ‘दलित’चा सख्खा भाऊ आहे. तोही कर्मणी विशेषण. बहिष्कृत म्हटले की ‘कुणी बहिष्कृत केले?’ हा प्रश्न येतो. ‘अस्पृश्य’ या शब्दात तो येत नाही. ‘अस्पृश्य’ म्हणजे शिवण्यास अयोग्य. दोष जणू शरीरातच आहे, न शिवणारा मोकळा! १९२४ साली ‘बहिष्कृत हितकारिणी सभा’ काढताना बाबासाहेबांनी ‘बहिष्कृत’ हे नाव घेतले, त्यात आरोपीकडे दाखवलेले बोट आहे असे मला वाटते.

सरकारी ‘डिप्रेस्ड क्लासेस’ हे नाव त्यांना पसंत नव्हते. दुसऱ्या गोलमेज परिषदेच्या वेळी, नोव्हेंबर १९३१ मध्ये, त्यांनी आणि रावबहादूर श्रीनिवासन यांनी दिलेल्या पुरवणी निवेदनात हे नाव अवमानकारक असल्याचे नोंदवून ते बदलण्याची मागणी केली. त्याच वर्षीच्या जनगणनेत आयुक्त हटन यांनी ‘बाह्य जाती’ असा शब्दप्रयोग केला. १९३५ च्या कायद्याने ‘शेड्यूल्ड कास्ट’ हे नाव आणले. यादीत आहेत म्हणून अनुसूचित! यादी का करावी लागली, हे त्या शब्दात कोठेच नाही.

आणि मग ‘हरिजन’. गांधीजींचे त्या नावाचे साप्ताहिक फेब्रुवारी १९३३ मध्ये सुरू झाले. शब्द गोड, मुलायम. पण त्यात क्रिया नाही, कर्ता नाही, गुन्हा नाही. जानेवारी १९३८ मध्ये मुंबई विधानसभेत स्थानिक स्वराज्य मंडळांच्या कायद्यातील दुरुस्तीच्या निमित्ताने हा शब्द कायद्यात घालण्याचा प्रस्ताव आला. आमच्या नाशिक जिल्ह्याचे दादासाहेब गायकवाड उठले. अस्पृश्य जर देवाची माणसे, तर स्पृश्य काय राक्षसांची आहेत, असा त्यांचा बिनतोड सवाल होता. बहुमताने शब्द रेटला गेला तेव्हा बाबासाहेबांसह स्वतंत्र मजूर पक्षाचे सभासद सभागृहाबाहेर पडले. एका शब्दासाठी सभात्याग! ज्यांना हे क्षुल्लक वाटते, त्यांना कुणी कधी दुसऱ्याच नावाने हाक मारलेली नसते.

*

माझा आजा १९२५ च्या सुमारास जन्मला. काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी सुरू झाला तेव्हा तो पाच वर्षांचा. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात बाबासाहेबांनी ‘हिंदू म्हणून मरणार नाही’ असे जाहीर केले तेव्हा दहाचा. १९४२ साली नागपूरला शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन स्थापन झाले. आमच्याकडे त्याला ‘दलित फेडरेशन’ किंवा नुसते ‘फेडरेशन’ म्हणत. आजा त्या झेंड्याखाली वाढला. म्हणजे ‘दलित’ हा शब्द त्याला परका नव्हता. तरुणपणी त्याने तो अभिमानाने वापरला होता.

पण १९५६ आले. नागपूरला जाण्यापुरते पैसे गाठीला नव्हते. पुढे गावातच चावडीमागच्या पटांगणात त्याने बावीस प्रतिज्ञा घेतल्या, घरातले देव गाठोड्यात बांधून दारणेत सोडले आणि ढोर ओढणे बंद केले. गावाने बलुते बंद केले. त्या वर्षी घरात उपास पडले. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने गेली, तेव्हा आजा म्हणाला होता म्हणे, “जोखड गेलं, आता जोहार बी गेला.” तेव्हापासून ‘जय भीम’ सोडून त्याने कुणाला दुसरे काही म्हटले नाही.

अशा माणसाला ‘दलित’ शब्द का बोचावा, हे मला लहानपणी कळत नसे. आता कळते. त्याच्या लेखी बाबासाहेबांनी माणसाला एका अवस्थेतून काढून दुसऱ्या अवस्थेत नेले होते. दलित ही मागे टाकलेली अवस्था. ज्याने त्यासाठी उपास काढले, त्याने पुन्हा ते नाव का घ्यावे?

सरकारने मात्र त्याच्या नव्या नावालाही शेपूट लावले, ‘नवबौद्ध’. राज्यात नवबौद्धांना सवलती मिळाल्या, पण केंद्राच्या यादीत बौद्धांचा समावेश व्हायला १९९० साल उजाडले. मधल्या चौतीस वर्षांत कित्येक घरांना कागदावर एक आणि मनात एक असे जगावे लागले. मला शाळेत घालताना आजा स्वतः आला होता. त्याने ‘बौद्ध’ सांगितले. गुरुजींनी ‘बौद्ध’ लिहिले आणि विचारले, “कंसात काय लिहू?” आजा म्हणाला, “कंसात काय बी लिहू नका.” गुरुजींनी तो निघून गेल्यावर कंसात ‘महार’ लिहिले. तो कंस माझ्या दाखल्यावर अजून आहे.

*

माझे वडील, आम्ही त्यांना नाना म्हणतो, सातवी करून मुंबईला गेले. गिरणीत बदली कामगार म्हणून लागले. वरळीच्या बी.डी.डी. चाळीत एका खोलीत दहा जण राहत. साल १९७२. त्याच वर्षी परभणी जिल्ह्यातल्या ब्राह्मणगावी दलित स्त्रियांची नग्न धिंड काढली गेली, पुणे जिल्ह्यातल्या बावड्यात आपल्या वस्तीवर बहिष्कार पडला. इलयापेरुमल समितीच्या अहवालाने देशभरच्या अत्याचारांचा पाढा वाचलेलाच होता. रिपब्लिकन पक्षाचे पुढारी गटातटांत विखुरले होते. अशा वेळी मुंबईत दलित पँथर उभी राहिली. नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले ही नावे चाळीचाळीत पोचली. पँथर हे नाव अमेरिकेतल्या काळ्यांच्या लढ्यातून घेतले होते. ज्या ‘काळा’ शब्दाने त्यांना हिणवले जाई, तोच त्यांनी अभिमानाने छातीवर मिरवला होता.

शब्दाची जमीन साहित्यानेही नांगरून ठेवली होती. २ मार्च १९५८ रोजी मुंबईत पहिले दलित साहित्य संमेलन भरले, त्याचे उद्घाटन अण्णा भाऊ साठे यांनी केले. १९६३ मध्ये बाबुराव बागुलांचे ‘जेव्हा मी जात चोरली होती’ आले, १९७२ मध्ये ढसाळांचे ‘गोलपिठा’. नानांनी यातले काही वाचले नव्हते. पण सभेत ऐकले होते. ५ जानेवारी १९७४ च्या वरळीच्या सभेत ते होते. त्या दिवशी दंगल पेटली आणि पुढे कित्येक दिवस चाळींवर दगड, पोलीस आणि लाठ्या असे चालले. नानांच्या डाव्या भुवईवर अजून खूण आहे.

ते सांगतात, “तोवर कुणी ‘कोण रे तू’ असं विचारलं की मी गावाचं नाव सांगायचो. त्या वर्षी पहिल्यांदा म्हणालो, दलित आहे. अन समोरचा गप्प झाला.” शब्द तोच, पण बोलणारा बदलला होता. जो शब्द उद्धारकांच्या तोंडी दयेचा होता, तो दळलेल्यांच्या तोंडी आरोपाचा झाला. कोशातला अर्थ तसूभरही बदलला नाही, बदलला तो शब्दाचा मालक.

१९७३ च्या जाहीरनाम्याने शब्दाची व्याप्तीही बदलली. अनुसूचित जाती-जमाती, बौद्ध, कष्टकरी, भूमिहीन शेतमजूर, गरीब शेतकरी, स्त्रिया आणि धर्माच्या, राजकारणाच्या, अर्थकारणाच्या नावाने ज्यांचे शोषण होते ते सारे दलित, अशी ती व्याख्या होती. म्हणजे ‘दलित’ हे जातीचे नाव नव्हे, तर नात्याचे नाव. ज्याला दळले जाते तो दलित, मग तो कोणत्याही आळीतला असो. या व्याख्येवरून मतभेद झाले, १९७४ मध्ये संघटना फुटली. बुद्ध-आंबेडकर की डावा वर्गविचार, असा तो वाद मांडला गेला. आमच्या घरात त्याचे रूप साधे होते. नाना सुट्टीला गावी आले की जेवताना वाद पेटे.

आजा म्हणे, “बाबांनी आपल्याला उकिरड्यातून काढलं, अन तू परत उकिरड्याचं नाव लावून आलास व्हय रे?”

नाना म्हणत, “तुमी बौद्ध झालात, पर गावानं पाणवठा दिला का? त्यांच्या लेखी आपुन तेच हावोत. मंग त्यांनी काय केलं ते नावातच सांगावं की!”

१९८२ च्या संपात नानांची नोकरी गेली. ते गावी परत आले, विड्यांच्या कारखान्याची पोती वाहू लागले. वाद चालूच राहिला. मी जन्मलो, मोठा झालो, तरी चालू होता.

*

या वादात आजी कधी बोलली नाही. एकदाच बोलली. मी तेव्हा बी.ए.ला होतो. कुठल्याशा वक्तृत्व स्पर्धेत ‘आम्ही दलित’ म्हणून भाषण ठोकून आलो होतो आणि बापलेकांचा वाद पुन्हा रंगला होता. आजी चुलीपाशी बसून म्हणाली, “तुमी बाप्ये नाव बदलीत ऱ्हायलात. मला पाटलाच्या विहिरीवर उभ्या जन्मात ‘ए म्हारणी’ याच्याबिगर हाक न्हाई आली. अन घरात यायची ती ‘अगं ए’. माझं नाव ठावं हाय का कुणाला?”

तिघेही गप्प झालो. तिचे नाव मला ठाऊक होते ते केवळ शिधापत्रिकेवर वाचले होते म्हणून.

जाहीरनाम्याच्या व्याख्येत ‘स्त्रिया’ हा शब्द होता, पण घरात तिच्या वाट्याला तो आला नव्हता. पुढे मी बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ (१९८६) वाचले, ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचे ‘आम्हीही इतिहास घडवला’ (१९८९) वाचले, तेव्हा आजीचे बोलणे नीट समजले. दळणारे जाते एकाखाली एक असते. वरच्याने आपल्याला दळले म्हणून आपण कुणाला दळत नाही असे होत नाही. ‘दलित’ शब्दाचा प्रश्न, ‘कुणी दळले?’, हा आपल्या घराच्या उंबऱ्यापाशी थांबवता येत नाही. तसेच मातंग, चर्मकार, मेहतर बांधवांना हा शब्द एकाच जातीचा वाटू लागला असेल, तर तो दोषही शब्दाचा नाही, आपल्या वापराचा आहे.

*

आता माझी पिढी. मी महाविद्यालयात गेलो तोवर शब्द आणखी बदलला होता. प्रवेशाच्या यादीत नावापुढे ‘एस.सी.’ ही दोन अक्षरे. वर्गात आम्ही ‘कॅटेगरीवाले’. या शब्दाला ना इतिहास ना चेहरा. त्यात दळणारा तर नाहीच, उलट आपणच कुणाचे तरी काही घेतले असा सूर. पहिले वर्षभर मी आडनाव पुटपुटत सांगत असे. बागुलांनी १९६३ साली जी जातीची चोरी लिहिली, ती मी २००५ साली करत होतो. त्या लाजेतून मला बाहेर काढले ते नानांच्या शब्दाने. म्हणून तो मला प्रिय आणि म्हणूनच त्या विद्यार्थिनीवर माझा राग.

पण तिचे म्हणणे खोटे आहे काय? आज ‘दलित’ शब्द कुणाच्या तोंडी आहे ते पाहा. बातमीत तो बळीचे विशेषण आहे. निवडणुकीत तो मतांच्या गठ्ठ्याचे नाव आहे. सभेत, मोर्च्यात, कवितेत तो जिवंत आहे, पण तिच्यापर्यंत पोचतो तो बातमीतून. जो शब्द नानांच्या तोंडी आरोप होता, तो बातमीदाराच्या तोंडी पुन्हा नुसते वर्णन झाला आहे. एका अर्थी तो मोल्सवर्थच्या कोशात परत गेला आहे, दळलेले, फोडलेले, तुकडे झालेले.

सरकारही या शब्दावर बोलले आहे. ७ ऑगस्ट २०१८ रोजी केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाने खासगी वाहिन्यांना ‘दलित’ शब्द टाळून ‘अनुसूचित जाती’ वापरण्याची सूचना केली. त्यामागे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचा आदेश होता. डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. महारवाडा, मांगवाडा जाऊन समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर यावे. दुसऱ्या निर्णयाचे मी मनापासून स्वागत करतो. ते हुकमाचे नाव होते, ते गेलेच पाहिजे. पहिल्याबद्दल मात्र मी साशंक आहे. महारवाडा हे नाव गावाने आपल्यावर लादले होते. ‘दलित’ हे नाव आपण लढून घेतले होते. लादलेले पुसणे वेगळे आणि लढून घेतलेले पुसणे वेगळे. ‘अनुसूचित जाती’ हा शब्द कायद्यात आवश्यक आहे, तो घटनेतला आहे, हक्काचा आहे. पण सवलतीच्या अर्जावरचा शब्द आणि माणसाने स्वतःला दिलेले नाव या दोन गोष्टी एक नव्हेत.

मग ती विद्यार्थिनी आणि तो आदेश एकच गोष्ट सांगतात काय? नाही. सरकारी सूचनेला शब्दातला आरोप नको आहे. त्या मुलीला शब्दातली कीव नको आहे. वरवर सारखे दिसणारे हे दोन नकार एकमेकांच्या विरुद्ध टोकांचे आहेत. मी तिच्यावर रागावलो तेव्हा हा फरक माझ्या ध्यानात आला नव्हता.

*

मी नानांना ही हकिगत सांगितली. आता ते सत्तरी ओलांडून गेले आहेत. मला वाटले, ते माझी बाजू घेतील. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “तुझा आजा बी हेच म्हणायचा. तव्हा मला कळलं न्हाई. पोरीला वरडू नको. त्यांला आधी जाहीरनामा वाचून दाखव. मंग त्यांचं त्यांला ठरवू दे.”

तसेच केले. लागोपाठ तीन शनिवार आम्ही हेच वाचले. १९३१ चे निवेदन, १९३८ चा सभात्याग, १९७३ चा जाहीरनामा. व्याकरणाची गोष्ट सांगताना मी फळ्यावर तीन शब्द लिहिले, बहिष्कृत, दलित, प्रबुद्ध. तिन्ही एकाच प्रत्ययाचे. पहिल्या दोहोंत कर्ता दुसरा आहे. कुणीतरी बाहेर काढले, कुणीतरी दळले. तिसऱ्यात कर्ता आपण स्वतः आहोत. आपण जागे झालो. आजा तिसऱ्या शब्दाच्या बाजूने भांडत होता, नाना दुसऱ्याच्या. दोघांनाही वाटत होते की दुसरा चुकतो आहे. खरे तर एक शब्द आपल्यावर काय झाले ते सांगतो आणि दुसरा आपण काय केले ते सांगतो. पहिला विसरला तर आरोपी सुटतो. दुसरा विसरला तर आपण कायमचे फिर्यादीच राहतो.

तिसऱ्या शनिवारी मुलांनी मत घेतले. फलकावर ‘प्रबुद्ध वाचक मंडळ’ असे नाव आले. मी त्यांच्यावर काही लादले नाही. माझे मत मात्र जुन्या नावाला होते आणि ते पडले. पण त्याच बैठकीत त्या मुलीने आणखी एक ठराव मांडला. मंडळात येणाऱ्या प्रत्येक नव्या विद्यार्थ्याने पहिल्या महिन्यात आपल्या घरातल्या सर्वांत वयस्कर बाईचे नाव आणि तिला गाव कोणत्या नावाने हाक मारत होते, ते विचारून लिहून आणायचे. ठराव एकमताने झाला.

आतापर्यंत एकोणतीस नावे जमली आहेत. मी माझ्या आजीचे नाव पहिले लिहिले, काशीबाई.

मित्रहो, शब्द बदलू द्या. प्रत्येक पिढीने बदलला आहे, पुढचीही बदलेल. आपण एवढेच पाहावे की शब्द टाकताना त्याच्यासोबत त्याचा प्रश्न टाकला जाऊ नये. कुणी दळले, या प्रश्नाचे उत्तर अजून पुरते मिळालेले नाही.